लाल रेग्झिनमधला जर्डन : एका जुन्या पुस्तकसंग्रहाचं प्रकरण

पार्श्वभूमी

२०२२ च्या एप्रिलमध्ये नागपूरच्या लक्ष्मीनगरातलं एक जुनं दुमजली घर पाडायला निघालं होतं. जागेवर फ्लॅट स्कीम होणार होती आणि बिल्डरनं ऑगस्टअखेरपर्यंतची मुदत दिली होती. घरमालक बँकेतून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट. त्यांना इथे काका म्हणतो. नावं आणि ओळख पटेल अशा काही खुणा बदलल्या आहेत, बाकी घडलं तसं लिहिलं आहे.

काकांचे वडील जंगल खात्यात रेंजर होते. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काळात नोकरीला लागले, मग मध्य प्रदेश, १९५६ नंतर मुंबई राज्य, १९६० नंतर महाराष्ट्र. जंगल तेच राहिलं, लेटरहेड तीन वेळा बदललं. १९४७ मध्ये गोरे अधिकारी सामान विकून परतत होते, तेव्हा सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्याच्या लिलावात त्यांनी पुस्तकांचा एक पेटारा घेतला. घरात सांगितलं जायचं की त्यांना पेटारा हवा होता, पुस्तकं सोबत आली. मला ते खरं वाटत नाही. पेटाऱ्यासाठी घेतलेली पुस्तकं कुणी वर्षानुवर्षं पेन्सिल घेऊन वाचत नाही.

एकूण पुस्तकं दीडशेच्या आत, त्यातली निसर्गविषयक तेवीस. महत्त्वाची तेवढी सांगतो. टी. सी. जर्डन यांचं भारतातल्या पक्ष्यांवरचं पुस्तक, कलकत्ता, १८६२ ते १८६४, तीन भाग. ह्यूम आणि मार्शल यांचे, ज्यांची शिकार होते त्या पक्ष्यांवरचे तीन खंड, १८७९ ते १८८१, रंगीत शिलामुद्रित (दगडावरून छापलेल्या) चित्रांसह. जेम्स फोर्सिथ यांचं मध्य भारताच्या डोंगराळ मुलुखावरचं पुस्तक, लंडन, १८७१. पचमढीत बायसन लॉज बांधणारे ते हेच फोर्सिथ. पुस्तक निघालं त्याच वर्षी ते वारले. स्टर्नडेल यांची दोन पुस्तकं : सिवनीच्या मुक्कामावरचं १८७७ चं आणि सस्तन प्राण्यांवरचं १८८४ चं. डनबर ब्रँडर यांचं मध्य भारतातल्या वन्य प्राण्यांवरचं, १९२३. शिवाय ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतले सुटे खंड, काही वनस्पतिशास्त्राची पुस्तकं आणि सालिम अलींच्या पक्ष्यांवरच्या पुस्तकाची एक जीर्ण प्रत.

नागपुरात बसून हे सगळं वाचायला वेगळी गंमत आहे. फोर्सिथ, स्टर्नडेल, ब्रँडर हे तिघंही ज्या मुलुखात वावरले तो इथून शे-दोनशे किलोमीटरच्या टापूत आहे. सिवनी तर पेंचचं जंगल ओलांडलं की पुढे लागणारं गाव.

मी जुन्या पुस्तकांचा व्यापारी नाही. वीस वर्षं सीताबर्डीच्या फुटपाथपासून मुंबईच्या फोर्टपर्यंत जुनी पुस्तकं धुंडाळत आलो, त्यातून थोडी पारख आली. ओळखीतले लोक वडिलांचं कपाट उघडण्याआधी फोन करतात, एवढीच माझी पात्रता.

अडचण

काकांनी फोन केला तो रद्दीवाला दोनदा येऊन गेल्यावर. त्यांची मुलगी पुण्याला, मुलगा अमेरिकेत. नवीन भाड्याचा फ्लॅट दोन खोल्यांचा, तिथे पुस्तकांना जागा नाही. मुलाला तीन पुस्तकं अमेरिकेत हवी होती. मुंबईच्या एका विक्रेत्यानं फोटो पाहून निसर्गविषयक तेवीस पुस्तकांना एकरकमी सव्वा लाख देऊ केले होते. काकूंचं म्हणणं होतं की एखाद्या कॉलेजला देऊन टाका, सासऱ्यांच्या नावाची पाटी लागेल. चौघांची चार मतं, आणि चौघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर.

पुस्तकं भिंतीतल्या फडताळात होती आणि त्याच्या बरोब्बर समोर, खिडकीत, कूलर. ज्यानं नागपूरचा मे काढलाय त्याला कूलरशिवाय राहा म्हणायची कुणाची हिंमत नाही, पण कूलर हवा थंड करतो तो पाण्यावरून नेऊन. खोलीतला ओलावा मोजायला मी एक साधा आर्द्रतामापक ठेवला. कूलर चालू असताना काटा ६८ टक्क्यांवर. कागदाला साधारण ४५ ते ५५ टक्के मानवतो आणि ६५ च्या वर बुरशीला आमंत्रण. इतर गावांत पुस्तकांना निदान उन्हाळा कोरडा मिळतो. आपल्याकडे मार्च ते जून कूलर आणि जून ते सप्टेंबर पाऊस, म्हणजे या फडताळाला वर्षातून सात महिने पावसाळाच होता. खालच्या फळीवरच्या पुस्तकांच्या कण्यांवर राखाडी लव, आतल्या पानांवर तांबूस ठिपके, आणि फोर्सिथच्या कापडी बांधणीवर कसरीनं खरवडलेल्या जागा.

दुसरा प्रश्न शिक्क्याचा. १८८४ च्या स्टर्नडेलच्या शीर्षकपानावर एका सरकारी कार्यालयाच्या ग्रंथालयाचा गोल शिक्का आणि दाखलनोंद क्रमांक होता. ‘बाद केले’ असा शिक्का मात्र कुठेच नाही. काका म्हणाले, “बाबांनी वाचायला आणलं असेल, परत करायचं राहून गेलं.” राहून गेलं ते सत्तरेक वर्षं.

तिसरा प्रश्न जर्डनचा. तो मला पहिल्या दिवशी प्रश्न वाटलाच नाही. बाकी संग्रह तपकिरी, हिरवा, विटका. जर्डनचे तीन भाग मात्र लालभडक रेग्झिनमध्ये, कण्यावर सोनेरी अक्षरांत ‘पक्षी १’, ‘पक्षी २’, ‘पक्षी ३’. २०१९ मध्ये काकांनी वडिलांच्या जन्मशताब्दीनिमित्त मोठ्या हौसेनं ते बांधून घेतले होते. बांधणारा नागपूरच्या महाल भागातला, एरवी पीएचडीचे प्रबंध आणि वकिलांच्या फायली बांधणारा. त्यानं तिन्ही भाग कटिंग मशीनमध्ये घालून तिन्ही बाजूंनी चौरस केले. कडा इतक्या सरळ की पत्त्यांचा नवा जोड वाटावा.

माझा निकाल तिथेच झाला. मूळ बांधणी गेली, मूळ अस्तराची (पुठ्ठ्याला लागून असलेली पहिली-शेवटची) पानं गेली, समास कापले गेले, संग्राहकाच्या दृष्टीनं काही उरलं नाही. मजकूर काय, बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयात फुकट वाचता येतो. काकांना म्हणालो, “जर्डनचं वाईट वाटून घेऊ नका, तो लॉटमध्ये जाऊ द्या.” पानं भराभर चाळली होती. समासात पेन्सिलीच्या खुणा दिसल्या, त्यांना मी ‘लिखाणानं खराब’ म्हणून मनात एक गुण आणखी कमी केला.

पर्याय

चार पर्याय टेबलावर होते आणि पाचवा दाराशी उभा होता, तो म्हणजे रद्दीवाला. त्याचं नाव निघालं तेव्हा मी काकांना ह्यूमची गोष्ट सांगितली. हा तोच ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, काँग्रेसच्या स्थापनेतला. पक्ष्यांचा एवढा मोठा अभ्यासक त्या काळी हिंदुस्थानात दुसरा नव्हता. १८८५ मध्ये सिमल्याच्या घरी परतला तर वर्षानुवर्षं जमवलेली हस्तलिखितं नोकरानं बाजारात रद्दी म्हणून विकून टाकलेली. त्यानंतर त्यानं पक्ष्यांचा अभ्यासच सोडला आणि आपला प्रचंड नमुनासंग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. काका हसले, पण रद्दीवाल्याला पुन्हा बोलावलं नाही.

एकरकमी विक्रीचा फायदा म्हणजे एका दिवसात मोकळीक. पण विक्रेत्याला फोनवर विचारलं की ह्यूम-मार्शलचं काय करणार, तर तो खरं बोलला. चित्रं सुटी करून फ्रेममध्ये विकणार. या धंद्यात हे जुनंच चालत आलंय, कारण एकेका चित्राचे मिळून जे पैसे होतात ते अख्ख्या, त्यातून जरा खराब, संचाला मिळत नाहीत. गंमत म्हणजे या चित्रांवर ह्यूम स्वतःच नाखूश होता. तरी फाडायला कुणाचा हात धजावत नाही, निदान माझा नाही. शिवाय शंभर वर्षांवरच्या वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. तो आहे का विचारल्यावर विक्रेत्याचा आवाज जरा मऊ झाला.

सुटी विक्री म्हणजे पैसे जास्त, पण वेळ चारसहा महिने. मुदत ऑगस्टची.

दान. शहरातल्या एका कॉलेजनं आनंदानं होकार दिला, पण ग्रंथपालबाईंनी पद्धत सांगितली : प्रत्येक पुस्तकावर तीन ठिकाणी शिक्का, कण्यावर क्रमांकाची चिठ्ठी आणि ‘जीर्ण पुस्तकं आम्ही एकसारखी बाइंड करून घेतो’. एकसारखी म्हणजे कशी, हे विचारायची गरज नव्हती. लाल नमुना समोरच होता. त्यांची चूक नाही, रोज शंभर पोरं हाताळतात त्या पुस्तकांना ते बरोबरच आहे.

मुलाकडे पाठवणं. इथे कायदा आडवा येत होता. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. हस्तलिखितं-कागदपत्रांसाठी तीच अट पंचाहत्तर वर्षांची आहे. “पुस्तकं म्हणजे काय मूर्ती आहेत का?” असं मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणाला. मी म्हटलं, वाद घालायचा तर पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालय नागपुरातच आहे, आधी त्यांच्याकडून लेखी घेऊ, विमानतळावर वाद नको. त्याला हवी असलेली पुस्तकं फोर्सिथ, स्टर्नडेल आणि ब्रँडर. त्यातलं ब्रँडर त्या वर्षी नव्याण्णव वर्षांचं होतं. “मग तेवढं पाठवा लवकर,” असं तो म्हणाला आणि सगळे हसले. काकांनी ते पाठवलं नाही. त्यांच्या मते जे पुस्तक पुढच्या वर्षी पाठवता येणार नाही ते यंदा घाईनं पाठवणं म्हणजे पळवाट. मला हा जरा अतिरेक वाटला, पण पुस्तक त्यांचं.

काय केलं

पहिली गोष्ट म्हणजे काहीच न विकणं आणि काहीच न देणं, यादी होईपर्यंत. काकांना हे वेळ घालवल्यासारखं वाटलं. यादीला नऊ दिवस लागले. प्रत्येक पुस्तकाचं शीर्षकपान, वर्ष, प्रकाशक, पानांची मोजणी, चित्रांची मोजणी पुस्तकातल्याच चित्रसूचीशी ताडून, शिक्के, सह्या, आणि जिथे हाताचं काही लिहिलंय त्या पानाचा फोटो.

चित्रं मोजताना ह्यूम-मार्शलमध्ये पाच कमी भरली. पाचही बदकांची. कण्याजवळ ब्लेडनं कापल्याचे बारीक कोंब उरलेले. मी विक्रेत्याला आणि मागच्या पिढीतल्या अज्ञात चोराला मनात शिव्या घालत होतो तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या, उघडं पान बघितलं आणि म्हणाल्या, “अहो, हे तर आपल्या हॉलमधलेच बदकं आहेत ना!” जिन्याच्या भिंतीवर, त्यांच्या लग्नातल्या फोटोच्या खाली, पाच फ्रेमा. सासऱ्यांनीच लग्नाच्या वेळी घर सजवायला म्हणून कापून लावली होती. पंचेचाळीस वर्षं रोज पाहिलेली, त्यामुळे कुणाला दिसत नव्हती. फ्रेमा उघडल्या तर उन्हानं निळा रंग उडालेला, पण चित्रं शाबूत. ती परत चिकटवली नाहीत. जाड, आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून त्या खंडासोबत ठेवली.

पुस्तकं फडताळातून काढून पुढच्या खोलीत दिवाणावर पसरली, कूलर त्या खोलीतून हलवला, पंखा मंद. काकूंना ती गच्चीवर उन्हात टाकायची होती, लोणच्याच्या फोडींसारखी. नागपूरच्या मेमधलं ऊन कापडी बांधणी एका दुपारी विटवतं आणि पुठ्ठे तिरके करतं, म्हणून सावलीतच ठेवली. मास्क लावून, मऊ ब्रशनं, कण्यापासून बाहेरच्या बाजूला झाडत लव काढली. डांबराच्या गोळ्या काढून टाकल्या. त्यांचा वास पानांत वर्षानुवर्षं बसतो आणि माणसाच्या फुफ्फुसालाही बरा नाही. वेखंडाच्या पुरचुंड्या राहू दिल्या, त्यानं नुकसान नाही आणि काकूंचं समाधान.

कसर आणि अळीसाठी गोठवणं हा उपाय आहे. घट्ट बंद प्लास्टिक पिशवीत पुस्तक, उणे २० अंशांच्या आसपास आठवडा-दोन आठवडे. घरातल्या फ्रिजनं भागत नाही. काकांच्या मित्राचं प्रतापनगरला आइस्क्रीमचं दुकान, त्याच्या डीप फ्रीझरच्या तळाशी फोर्सिथ आणि सहा पुस्तकं पंधरा दिवस राहिली, वर फॅमिली पॅक. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, चोवीस तास तशीच ठेवायची, नाहीतर थंड कागदावर दव जमतं. दुकानातल्या पोरानं एक पिशवी उत्सुकतेनं उघडलीच. नशीब, आत १९५० च्या दशकातलं खात्याचं नियमावलीचं पुस्तक होतं.

आणि मग जर्डन.

यादीचे फोटो मी पुण्याला काकांच्या मुलीला पाठवत होतो. तिला ताई म्हणू. एका रात्री तिचा मेसेज आला : “दादा, या पानावर आजोबांनी वरोरा लिहिलं होतं. तुमच्या फोटोत नुसतं ‘रोरा’ आहे.” पाठोपाठ तिनं २०१७ चे अकरा फोटो पाठवले, आजोबांच्या आठवणीत मोबाइलवर काढलेले, बांधणीच्या दोन वर्षं आधीचे. त्यात समास पूर्ण होता आणि समासात आजोबा होते.

मी जर्डन पुन्हा उघडला आणि या खेपेला बसून वाचला. बारीक, थोड्या डावीकडे झुकलेल्या देवनागरीत जवळपास साडेतीनशे टिपणं. पक्ष्याच्या इंग्रजी नावापुढे गावात ऐकलेलं नाव, मग ठिकाण, तारीख, संख्या. कुठे ‘जर्डन म्हणतो तसं नाही, घरटं जमिनीवर’, कुठे ‘पाटलाच्या मते हा पाऊस आणतो’. १९४९ ते १९६३. रेंजर माणूस दौऱ्यावर असायचा, त्यामुळे ठिकाणं उमरेडपासून मेळघाटपर्यंत पसरलेली. तिसऱ्या भागात, माळढोकाच्या पानांवर, सगळ्यांत दाट लिखाण. वरोऱ्याच्या माळावर अगदी अलीकडेपर्यंत तुरळक माळढोक दिसायचे. आज देशभरात दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात. सत्तर वर्षांपूर्वी इथे किती होते हे प्रत्यक्ष पाहून, तारखेनिशी लिहिलेला कागद म्हणजे काय चीज आहे, हे पक्ष्यांचा नाद असलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

कटिंग मशीननं नेमकं तिथेच खाल्लं होतं. समासात माणूस लिहितो तो बाहेरच्या कडेला. मशीन कापतं तीही बाहेरचीच कड. त्यामुळे डाव्या पानांवर प्रत्येक ओळीची सुरुवात गेली आणि उजव्या पानांवर शेवट. त्यांची सवय आधी ठिकाण लिहायचं आणि शेवटी तारीख. म्हणजे डाव्या पानांवर ठिकाणाचं डोकं उडालं आणि उजव्या पानांवर सालाचे पाय.

आम्ही बांधणाऱ्याकडे गेलो, कतरनी उरल्यात का विचारायला. वेडी आशा होती, तीन वर्षं झाली होती. तो बिचारा गोंधळला. “काकाजी, तुम्हीच म्हटलं ना का एकदम नवं करून दे. मी नवं करून देलं जी.” त्याला दोष देता येत नाही. त्याच्या हातात जे आलं ते त्यानं त्याच्या कसबानं उत्तम केलं होतं. शिवण तर आजही पक्की आहे.

मग उलट बाजूनं शोध. रेंजरला दर महिन्याला दौऱ्याची डायरी खात्याला द्यावी लागे आणि बरेच जण स्वतःची नक्कल ठेवत. माळ्यावरच्या ट्रंकेत अशा सहा वह्या मिळाल्या. ताईनं एक तक्ता केला : टिपणात उरलेले शब्द, तुटलेली बाजू, आणि वहीतल्या तारखा. ‘रोरा, ११ नोव्हें’ आणि वहीत ‘११ नोव्हेंबर १९५२, मुक्काम वरोरा’ अशा जोड्या लावत दोन महिने गेले. जवळपास एकशे ऐंशी टिपणं धडधाकट होती किंवा अशी जोडता आली. बाकीच्यांत काही ना काही राहिलंच.

शिक्क्याच्या पुस्तकाबद्दल काकांनी संबंधित कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. जुलैत ते स्वतः पुस्तक घेऊन गेले. तिथल्या कारकुनाला पुस्तक परत येतंय यापेक्षा ते कोणत्या शीर्षाखाली जमा करायचं याची चिंता जास्त होती, कारण जुनं दाखलनोंद रजिस्टरच सापडत नव्हतं. शेवटी ‘देणगी’ असा शिक्का मारून घेतलं आणि पोच दिली. म्हणजे त्यांचंच पुस्तक काकांनी त्यांना देणगी दिलं. पोच आम्ही संग्रहाच्या फायलीत लावली आहे.

निष्पत्ती

तेवीसपैकी एक परत गेलं. ह्यूम-मार्शलचे तीन खंड, पाकिटातल्या पाच बदकांसह, विदर्भातल्या एका संग्राहकानं न फोडण्याच्या लेखी अटीवर घेतले. त्याचं कपाट मी पाहिलंय, कूलरपासून लांब आहे. रक्कम विक्रेत्यानं सगळ्या तेवीस पुस्तकांना देऊ केली होती तिच्या निम्म्याहून थोडी जास्त. वनस्पतींची आणि ‘फॉना’ मालिकेतली सुटी पुस्तकं एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयाला गेली, त्यांनी शिक्का फक्त अस्तराच्या पानावर मारायचं मान्य केलं. फोर्सिथ, सिवनी आणि ब्रँडर घरातच राहिले, मुलगा दिवाळीला आला की वाचतो. वडिलांच्या नावाची पाटी कुठेच लागली नाही, याची काकूंना अजून रुखरुख आहे.

जर्डनचे तीन लाल भाग आणि सहा वह्या ताईकडे पुण्याला आहेत. सगळ्या टिपणांची पानं ६०० डीपीआयला स्कॅन झाली. खात्रीच्या नोंदी तिनं ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनिरीक्षणं जमवणाऱ्या संकेतस्थळावर, जुन्या नोंदी म्हणून आजोबांच्या नावानं टाकल्या, तशी सोय तिथे आहे. माळढोकाच्या नोंदी त्या पक्ष्यावर काम करणाऱ्यांना वेगळ्या दिल्या.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महागडा निर्णय २०१९ चा, आणि तो निर्णय वाटलाच नव्हता. जीर्ण पुस्तकाला नवं रूप देणं हे घराला चुना लावण्यासारखं साधं काम वाटलं. त्या वेळी तीन वाटा होत्या. एक, काहीही न करता मोजून केलेली पुठ्ठ्याची पेटी, त्यात पुस्तक सुतळीनं बांधून. पैसे सर्वांत कमी. दोन, फक्त सुटे फर्मे (एकत्र दुमडलेल्या पानांचे जुडगे) शिवून, फाटकी पानं जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या खळीनं सांधून, जुनेच पुठ्ठे परत लावणं. खळ उद्या पाण्यानं सोडवता येते, फेव्हिकॉल येत नाही. तीन, बांधायचंच तर चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत ‘कटिंग नाही’ लिहून देणं. तिसऱ्याला एक रुपयाही जास्त लागला नसता. चिकटपट्टीचंही असंच, दहा वर्षांनी पट्टी गळून पडते आणि पिवळा चिकट डाग राहतो. या संग्रहात तो सातआठ ठिकाणी होता आणि तिथे आम्ही हात लावला नाही.

दुसरी चूक माझी. संग्राहकाची नजर म्हणजे पहिली आवृत्ती, मूळ बांधणी, स्वच्छ समास. त्या नजरेनं मी जर्डन पाहिला आणि लॉटमध्ये ढकलला. ताईचा मेसेज यायला आणखी आठ दिवस लागले असते तर तो विक्रेत्याच्या खोक्यात असता आणि विक्रेत्यानं तो कुणा पक्षीप्रेमीला ‘वाचनीय प्रत, समासात लिखाण’ म्हणून हजार-दोन हजारांत दिला असता. छापलेला जर्डन जगात बराच आहे. हा एकच होता. आता मी कुठल्याही घरी गेलो की शीर्षकपानाआधी समास बघतो. उशिरा आलेली अक्कल आहे, पण आहे.

यादीआधी फोटो काढायला हवे होते, सगळ्या पानांचे, उघडतानाच. ट्रंकेतल्या वह्या पहिल्याच आठवड्यात मागायला हव्या होत्या. मी पुस्तकांच्या घरात पुस्तकंच शोधत राहिलो, माळ्यावर चढायचं सुचलं नाही. तोवर ट्रंकेच्या तळाशी वाळवी लागली होती आणि सातवी वही, असलीच तर, मातीत गेली होती. पत्र्याच्या ट्रंकेच्या कडेला कागदाचा लगदा होता, त्यावर खात्याच्या वह्यांसारखीच निळी रेघ दिसत होती.

शिक्क्याच्या पुस्तकाबद्दल मात्र काकांनी केलं तेच पुन्हा करावं असं मला वाटतं. काही मित्र म्हणाले की खात्यात ते पुन्हा धूळच खाणार. खाईल. पण ते विकताना प्रत्येक गिऱ्हाइकाला शिक्क्याची सफाई देत बसावं लागलं असतं, आणि रेंजरसाहेबांच्या बाकीच्या पुस्तकांवरही तीच शंका आली असती.

कॉलेजच्या बाबतीत मी थोडी घाई केली. ग्रंथपालबाईंना नुसतं ‘नको’ म्हणून आलो. अटी घालून, थोडं समजावून, कदाचित एखादं बंद कपाट मिळालं असतं आणि नागपूरचा संग्रह नागपुरात राहिला असता.

तक्त्यात एक ओळ अजून अर्धी आहे. तिसरा भाग, माळढोक, उजवं पान. पेन्सिल इथे जोरात दाबलेली, एरवीपेक्षा मोठी अक्षरं : ‘रस्त्याच्या पूर्वेस, सकाळी, मोजले १४, दोन नर फुगलेले, दि. ३ ऑगस्ट १९’. पुढचे दोन आकडे मशीननं नेले. ताईच्या अकरा फोटोंत हे पान नाही. सहाही वह्यांत ३ ऑगस्टला रेंजरसाहेब दुसरीकडे कुठेतरी आहेत. सालाचा रकाना तिनं रिकामा ठेवलाय आणि ती नोंद ई-बर्डवर टाकलेली नाही.